तळमजल्याचं विमान

जुनं विमान विकत घेणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फार वाईट आहे, आणि ते मी सव्वीस वर्षं खपून कमावलेलं आहे. आमच्या छोट्या विमानतळावर मी तपासनीस आहे. दोन-चार आसनांची खाजगी विमानं माझ्यासमोर येतात. मी ती उघडतो, आत काय सडलंय ते बघतो, बंद करतो आणि कागदावर सही करतो. त्या सहीशिवाय विमान जमीन सोडत नाही, म्हणून मालक लोक माझ्याशी फार गोड बोलतात. यांतल्या निम्म्यांनी जन्मात स्वतःच्या गाडीचं चाक बदललेलं नसतं. पण विमानाच्या नाकावरून असा हात फिरवतात की जणू रात्रभर जागून पोटच्या पोरीचा ताप यांनीच उतरवला. नंतर वर्षभर ते विमान शेडमध्ये धूळ खातं आणि हे गळ्यात काळा चष्मा अडकवून कँटीनमध्ये बसतात.

या मंडळींत एक दिवस आमच्याच घरातलं माणूस येऊन बसेल असं मला वाटलं नव्हतं. ताईचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, लिफ्ट दुरुस्त करायचे. एकाच कंपनीत छत्तीस वर्षं. बुटके, रुंद, नखांत कायम ग्रीस आणि पँटच्या मागच्या खिशात कायम एक पांढरं सुती फडकं. ते फडकं कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. घाम पुसायला असेल, असं धरून चाललो. जन्मभर दुसऱ्यांना दहाव्या-बाराव्या मजल्यावर नेऊन सोडणारा हा माणूस स्वतः तळमजल्यावर राहत होता आणि त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. यातला विनोद कुणी त्यांना सांगितला की ते शांतपणे म्हणायचे, "बरंच आहे की. घरी आल्यावर तरी काम नको."

पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी आमच्या इथल्या फ्लाइंग क्लबात नाव घातलं. का, असं ताईला विचारलं तर ती म्हणाली, "छत्तीस वर्षं वरखाली केलंय, पण सगळं भिंतीआड. आता एकदा बाहेरून बघायचंय म्हणे." माझ्या कानावर आलं तेव्हा मी हसलो होतो. हसण्यासारखंच होतं. बाकीचे विद्यार्थी पंधरा-वीस तासांत एकटे उडतात, यांना अडतीस लागले. उड्डाणाआधीची तपासणी दहा मिनिटांची असते, भाऊजी पाऊण तास घ्यायचे. प्रशिक्षक पंखाखाली उभा राहून जांभया द्यायचा. त्यानेच यांचं नाव 'तळमजला' पाडलं. पाहता पाहता ते सगळ्या विमानतळाने उचललं, आणि खोटं कशाला बोलू, त्यांच्या पाठीमागे मीही वापरलं.

चार वर्षांनी लायसन्स हातात आलं आणि त्याच वर्षी क्लब बंद पडला. क्लबाचं विमान कुणीतरी दूर गावी नेलं. पाठोपाठ डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की उजव्या डोळ्याची बाजूची नजर जायला लागली आहे. "या वेळचा दाखला देते," त्या म्हणाल्या, "पुढचा देणार नाही. उगाच माझ्याकडे येऊन बसू नका." उडायला वैद्यकीय दाखला लागतो. भाऊजींचा तो शेवटचा दाखला ऑक्टोबरच्या तीस तारखेला संपणार होता. त्याआधी ताईला शेजारी बसवून एक फेरी मारायची, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ताईला स्टुलावर चढायची भीती वाटते. तरी ती हो म्हणाली, आणि तिने त्या फेरीसाठी नवे बूटसुद्धा घेतले. विमानाचा पत्ता नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

विमान सापडलं एका दंतवैद्याकडे. सात वर्षं शेडमध्ये उभं, दोन आसनी, चौतीस वर्षांचं, डाव्या पंखात पाखरांनी थाटलेला सुखी संसार. दंतवैद्य म्हणाला, "अगदी जपून वापरलंय." खरंच होतं ते. एकवीस तास वापरलं होतं आणि मग बायकोने बंदी घातली होती. पंख सोडवून ते ट्रकवरून आमच्या विमानतळावर आलं तेव्हा मी बाजूला उभा राहून तोंडसुख घेतलं. मी म्हणालो, "भाऊजी, याला परत उडवण्यापेक्षा याच्यात कोंबड्या पाळा." त्यांनी ऐकलं, खिशातलं फडकं काढलं आणि दाराच्या बिजागरीवरची धूळ पुसली.

चार महिने ते रोज सकाळी डबा घेऊन यायचे. नियमाने माझ्या देखरेखीखाली मालकाला पुष्कळ काम स्वतः करता येतं. मी देखरेख करायचो म्हणजे अधूनमधून खुर्चीतून मान वर करायचो. एक कबूल करायला हवं की काम चोख होतं. लिफ्टवाल्याने विमान उघडलंय हे मात्र लगेच कळायचं, कारण जिथे एक नट पुरतो तिथे हा माणूस त्यावर दुसरा आवळायला बघायचा आणि मी ओरडलो की निमूटपणे काढायचा.

घोडं अडलं ते एका बोटभर प्लेटवर. प्रत्येक विमानाला बनवणाऱ्याची एक प्लेट असते आणि तिच्यावर त्याचा क्रमांक. विमानाचं नाव-गाव, जन्मदाखला सगळं तीच. ती काढायची नाही, घासायची नाही, तिला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे झाडूवालासुद्धा जाणतो. पण लिफ्टच्या धंद्यात वेगळी रीत. सरकारी निरीक्षक येणार असला की आदल्या दिवशी पेटीतली कंपनीची पितळी प्लेट आरशासारखी लख्ख करायची. निरीक्षक आत शिरला की पहिली नजर तिच्यावर जाते, आणि ती चकाकत असली की त्याला वाटतं, इथे सगळं ठीकठाक आहे. भाऊजींनी छत्तीस वर्षं हेच केलेलं. त्यांनी पॉलिश आणलं आणि एक अख्खी संध्याकाळ ती प्लेट घासली. विमानाची प्लेट पातळ अ‍ॅल्युमिनियमची, वरचे आकडे नुसते उमटवलेले. प्लेट चमकली आणि शेवटच्या आकड्याची अर्धी कड उडाली. तो तीन आहे की आठ, हे देवालाच ठाऊक.

विमान भाऊजींच्या नावावर चढवायला नोंदणी कार्यालयाचा निरीक्षक आला. उंच, वाकलेला, हातात फाइल. दोन तास तो त्या प्लेटसमोर बसला. भिंगातून बघितलं, तिरकं बघितलं, मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघितलं. विमानाकडे त्याने एकंदर पंधरा मिनिटं बघितलं, त्यातली पाच तो दरवाजा कसा उघडतो हे शोधत होता.

"तीन असेल तर हे विमान तुमचं," तो म्हणाला. "आठ असेल तर आमच्या नोंदीप्रमाणे ते एकोणीस वर्षांपूर्वी तलावात पडलंय. भंगारात गेलं."

"मग हे काय आहे?" भाऊजींनी विचारलं.

"ते तुम्ही सिद्ध करायचं."

कार्यालयाने पत्र पाठवलं की हे विमान म्हणजे ते तलावातलं विमान नव्हे, असं प्रतिज्ञापत्र द्या. भाऊजींनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे आले. "मी मी आहे, हे लिहून देतो. हे ते नाही, हे कसं लिहू? ते मी बघितलेलंच नाही." मी म्हणालो, लिहा हो, सगळे लिहितात. पण हा माणूस जे डोळ्यांनी बघितलं नाही त्याखाली सही करत नाही. मला त्या वेळी हा नुसता आडमुठेपणा वाटला. तारखा पुढे सरकत होत्या आणि हे अक्षर-अक्षर तोलत बसले होते.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. मी कार्यालयात दोनदा जाऊन आलो. तिथे चार टेबलं आहेत आणि प्रत्येक टेबल आपल्या शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवतं. चौथ्या टेबलावरच्या बाई पहिल्याकडे दाखवतात, असं ते वर्तुळ पूर्ण होतं. शेवटी वाट काढली ती भाऊजींनीच. म्हणाले, "लिफ्टला प्लेट असते, पण नंबर सांगाड्यावरही ठोकलेला असतो. प्लेट कुणी चोरली तर?" आणि दाराच्या खांबावरचा चार थरांचा रंग त्यांनी ब्लेडने इंच इंच खरवडला. तिसऱ्या दिवशी, आतल्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर आकडे निघाले. शेवटचा तीन. निरीक्षक परत आला, त्याने फोटो काढला आणि जणू हा शोध त्यानेच लावला अशा थाटात मान हलवली. फक्त एवढंच म्हणाला, "आता तपासनिसाचा तक्ता भरून द्या. बाकी काही नाही."

तपासनीस म्हणजे मी. ऑक्टोबरची वीस तारीख होती.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. "तुझ्या त्या कागदावाचून अडलंय म्हणे. लवकर कर बाबा. झोपेत पण हे बोटांवर दिवस मोजतात." मी म्हटलं, होईल. तक्त्यात एकशे चाळीस ओळी असतात. एकेका भागाची एकेक ओळ, समोर सही. मी तीन दिवसांत त्या भरल्या. इंजिन उघडून बघितलं, ब्रेक बघितले, पंखांचे सांधे बघितले. एखाददुसरी ओळ पॅनेल न उघडता नुसत्या टॉर्चवर भागवली. सगळेच भागवतात. शिवाय घरचं काम, तारीख डोक्यावर, आणि मालक असा की त्याने अगोदरच सगळं दोनदा पुसून ठेवलेलं. तेवीस तारखेला तक्ता कार्यालयात गेला आणि सत्तावीसला नोंदणीपत्र हातात आलं. भाऊजींनी पट्टी आणि पेन्सिल घेऊन विमानाच्या कुशीवर नवी अक्षरं आखली आणि काळ्या रंगाने भरली. अक्षरं इतकी सरळ होती की छापल्यासारखी वाटावीत. निरीक्षकाला कळत नसली तरी मला त्यांची किंमत कळते.

उड्डाण एकोणतीसला सकाळी ठरलं. हवा स्वच्छ होती, वारा नव्हता. मी आठ वाजता हँगरवर पोचलो. ताई नवे बूट घालून खुर्चीवर बसली होती. डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला, हात मांडीवर, चेहरा पांढरा पडलेला. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघणारी माणसं अशी बसतात. मी तिला चिडवलं, "ताई, खिडकी उघडी ठेवू नकोस हं, स्कार्फ उडेल." ती हसली नाही. "आत जा," म्हणाली, "हे मघापासून तुझी वाट बघतायत."

भाऊजी विमानाच्या आत, मागच्या बाजूला वाकून बसले होते. सामानाच्या कप्प्यामागचं पॅनेल काढून बाजूला ठेवलेलं होतं. ते पॅनेल बावीस स्क्रूंनी बसवलेलं असतं आणि त्याच्यामागून शेपटीकडे जाणारी तार जाते. वैमानिक हातातला दांडा ओढतो तेव्हा हीच तार शेपटीची फळी हलवते आणि विमानाचं नाक वर होतं. बोटाहून बारीक, पीळ घातलेल्या तारांचा दोर असतो तो. दोराला वळण द्यायला तिथे एक कप्पी आहे.

"हे कधी काढलंत?" मी विचारलं.

"सकाळी आल्या आल्या." ते मागे वळले नाहीत. "सहा स्क्रूंवर जुना रंग चढलेला होता. पेचकस लागला असता तर रंग फुटला असता. फुटलेला नव्हता. म्हणून उघडलं."

मला तक्ता आठवला. सत्त्याऐंशीवी ओळ: शेपटीची तार, संपूर्ण लांबी, पॅनेल काढून. समोर माझी सही.

त्यांनी खिशातलं पांढरं फडकं काढलं, तारेभोवती गुंडाळलं आणि सावकाश ओढत नेलं. कप्पीपाशी फडकं अडकलं. त्यांनी सोडवलं आणि माझ्या हातात दिलं. तीन ठिकाणी, सुईने ओढावेत तसे, त्याचे धागे ओढले गेले होते. तारेतल्या तारा तुटल्या की त्यांची टोकं बाहेर येतात, डोळ्यांना दिसत नाहीत, पण कापडाला धरतात. हे मी शिकलो होतो, पहिल्याच वर्षी. सव्वीस वर्षांत असं फडकं शेवटचं कधी फिरवलं होतं, ते मला आठवेना.

"लिफ्टचा प्रत्येक दोर मी असाच बघायचो," भाऊजी म्हणाले. "दर महिन्याला. आणि लिफ्टला तर खाली पकड असते. दोर तुटला तरी पेटी अडकते, माणूस घाबरतो, मरत नाही. याला काय अडकवणार आहेस?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मीही चढवला असता. मी धंद्याचं बोलायला लागलो. नवी तार प्रमाणपत्रासकट मागवायची म्हणजे दहा-बारा दिवस. तुमचा दाखला उद्या संपतो. तुटलेल्या तारा तीनच आहेत, एकूण तारा शंभरावर असतात, अजून कितीतरी तास टिकेल. एकच फेरी तर मारायची आहे, वीस मिनिटांची. हवा चांगली आहे. हे सगळं मी बोललो. लोक माझ्यासमोर येऊन बोलतात आणि मी ज्यांना मनात शिव्या घालतो, तेच शब्द, त्याच क्रमाने.

भाऊजींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू बसशील शेजारी?"

एवढंच. टोमणा नव्हता त्यात, खरंच विचारत होते. बाहेर ताई खुर्ची सरकवून उभी राहिल्याचा आवाज आला. भाऊजींनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि विमानातून खाली उतरले.

ते काय सांगणार हे मला माहीत होतं, आणि माझी लायकी तीच होती. मी हँगरच्या दारात जाऊन उभा राहिलो. भाऊजी ताईसमोर गेले, तिच्या हनुवटीखालची गाठ त्यांनी सोडली आणि म्हणाले, "आज नको. डोळा बरोबर नाही. बाजूचं काहीच दिसत नाहीये."

ताई त्यांचा हात धरून म्हणाली, "बरं. घरी चला." तिने माझ्याकडे बघितलं, ते या माणसाला सांभाळून गाडीपर्यंत नेऊ या, असं. मी दुसऱ्या बाजूने धरलं. ज्याची नजर त्या दिवशी त्या विमानतळावर सर्वांत चांगली होती, त्याला मी आंधळ्यासारखं हाताला धरून गाडीत बसवलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही, आणि लाज वाटण्यासारखं मी कमी केलेलं नाही.

तार दहा दिवसांनी आली. मी एकट्याने बसवली. भाऊजी डबा घेऊन आले, तक्त्याची आपल्याकडची प्रत सोबत आणली. सत्त्याऐंशीव्या ओळीतल्या माझ्या सहीवर त्यांनी काट मारली होती, पण पेन्सिलीने. खोडता यावी अशी. त्यांनी फडकं या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, मग उलट फिरवलं. कुठेच अडकलं नाही.

"आता कर सही," ते म्हणाले. मी जुनी सही शाईने खोडली, नवी केली, खाली तारीख घातली. नोव्हेंबरची आठ. दाखला संपून नऊ दिवस झाले होते.

विमान आता उडतं. नोंदणी पक्की, कागद चोख. पलीकडच्या हँगरमधला कारखानदार महिन्यातून दोनदा ते नेतो, कारण इंजिन पडून राहिलं तर गंजतं. गळ्यात काळा चष्मा असतोच. तो ताईलाही न्यायला तयार होता, मीच बोललो होतो त्याच्याशी. ताई म्हणाली, "मला विमानात नव्हतं बसायचं रे. यांच्याशेजारी बसायचं होतं." बूट तिने भाचीला देऊन टाकले. मी त्यानंतर तीन मालकांच्या सह्या अडवल्या, पॅनेलं उघडायला लावली. माझ्याबद्दल कँटीनमध्ये आता वाईट बोलतात. बोलू देत.

मागच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो. तळमजल्यावर, खिडकीशी, भाऊजी डोळ्यात औषधाचे थेंब घालून मान मागे टाकून बसले होते. ताईने चहा आणला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू एवढा राबलास यांच्यासाठी. रात्रीचा दिवस केलास. आणि ऐन वेळी यांचा डोळाच आडवा आला."

भाऊजींनी डोळे उघडले नाहीत. हाताने चाचपून बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी एक घेतलं.